घरगुती जलकुंभांचे निर्जंतुकीकरण

हुगळी नदीचे पाणी पलता येथे शुद्ध केले जाते व तेथून ते कोलकात्याच्या टाला येथील उंच जलकुंभात आणले जाते. १९११ साली कार्यान्वित झालेला हा पोलादी कुंभ जमिनीपासून सुमारे ११० फूट उंच असून त्यात ९० लक्ष गॅलन पाणी मावते. त्याचे चार कप्पे आहेत. त्यामुळे एक कप्पा रिकामा करून धूत असताना उरलेल्या तिहींतून शहरास पाणी मिळू शकते. घरोघरच्या टाक्यांना ही सोय नसते, आणि म्हणूनच बहुधा त्या वर्षानुवर्षे धुतल्या जात नाहीत!

या शहरातील पुष्कळ घरांत पाणी प्रथम जमिनीखालील हौदात उतरते व तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढते. शुद्ध पाणीही या दोन मुक्कामांत दूषित होऊ शकते. झाकणाच्या फटीतून धूळ व कीटक शिरतात, हौदाच्या तड्यांतून सांडपाणी झिरपते, आणि नळांच्या आतील बाजूस सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दूषित पाण्याचे परिणाम या शहराने पुरेपूर भोगले आहेत. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना पटकीचे जंतू सापडले ते येथल्याच एका तळ्याच्या पाण्यात. त्या तळ्याकाठच्या वस्तीत पटकीची साथ होती.

निर्जंतुकीकरणासाठी विरंजक चूर्ण, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, वापरतात. पाण्यात ते टाकले असता हायपोक्लोरस आम्ल निर्माण होते व ते जंतूंचा नाश करते. परंतु हे आम्ल जंतू आणि गाळ असा भेद करीत नाही. तळाशी चिखल असेल तर बहुतेक क्लोरिन त्यातच खर्ची पडतो. गढूळ टाकीत मूठभर चूर्ण फेकून निश्चिंत होणे ही निव्वळ आत्मवंचना होय. टाकी आधी रिकामी करून, घासून, गाळ उपसून काढला पाहिजे. हौदात उतरणाऱ्याने एकट्याने उतरू नये, कारण बंद हौदातील हवा प्राणघातक असू शकते. आत माणूस असताना चूर्ण वापरू नये; आम्लाशी तर त्याचा संपर्क कधीच होऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो.

हजार लिटर पाण्यास, दर लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरिन मिळावा म्हणून, ३३ टक्के क्लोरिन देणारे ताजे चूर्ण १५० ग्रॅम लागते. उघडे राहिलेले चूर्ण निःसत्त्व होते. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ते कालवावे, आणखी पाणी घालून ढवळावे व चुना तळाशी बसू द्यावा. वरची निवळ तेवढी टाकीत घालावी. साका घालू नये.

प्रथम हौद, मग गच्चीवरील टाकी असा क्रम ठेवावा. टाकी भरल्यावर प्रत्येक तोटी क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडावी व बंद करावी. जी तोटी विसरली जाते तिच्या नळात जुना थर तसाच राहतो. नंतर रात्रभर, निदान बारा तास, पाणी तसेच ठेवावे. या अवधीत ते कोणीही पिऊ नये.

सकाळी ते सर्व पाणी तोट्यांवाटे सोडून द्यावे आणि तीव्र वास जाईपर्यंत टाकी व नळ ताज्या पाण्याने धुवावेत. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असणे इष्ट असते. सोडलेले पाणी मात्र मासे पाळलेल्या तळ्यात जाऊ देऊ नये. एवढा क्लोरिन त्यांना सोसत नाही.