दरवाजाशी पडलेला लाजर

शास्त्रपाठ : लूक १६:१९–३१

हा पाठ मंडळीत घेताना उपदेशक बंधूंनी प्रथम एक प्रश्न विचारावा. या श्रीमंत मनुष्याने अपराध तरी कोणता केला? त्याने चोरी केली, मजुरी बुडविली अथवा लाजरास हाकलून दिले, असे प्रभू कोठेही सांगत नाही. तो नटत होता, जेवत होता, आणि दाराशी एक मनुष्य पडला होता, इतकेच. तथापि प्रभूने श्रीमंताचे नाव न सांगता भिकाऱ्याचे सांगितले आहे. इतर कोणत्याही दाखल्यात त्याने पात्रास असे नाव दिलेले आढळत नाही.

जांभळ्या वस्त्रांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे; कारण आम्हांस रंग म्हणजे बाजारातील पुडी. त्या काळी हा रंग समुद्रातील गोगलगायींपासून काढीत. १९०९ साली फ्रीडलेंडर नामक रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी घेऊन तो काढून पाहिला, तेव्हा त्यास अवघा १.४ ग्रॅम रंग मिळाला. एका वस्त्रासाठी किती मजूर खपले असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता आपला देश पाहू. जागतिक विषमता अहवाल २०२२ यातील अंदाज साध्या हिशेबात असा : देशात १०० माणसे व १०० रुपयांची मिळकत धरली, तर वरचे १० जण ५७ रुपये नेतात, आणि त्यांतला एकटा पहिलाच २२ नेतो. खालच्या ५० जणांनी मिळून १३ रुपयांत भागवावयाचे. ज्या मुंबईत धारावी आहे, त्याच मुंबईत एका कुटुंबासाठी बांधलेले २७ मजली घर आहे.

परंतु त्या माडीकडे बोट दाखवून पाठ संपविला, तर तो आम्हांस फार स्वस्तात पडेल. आमच्या मंडळीतील एका बापाने मुलीच्या लग्नात मांडव व बँड यांसाठी बैलजोडी विकली. उरलेले पैसे व्याजाने काढले. पुढे ते कर्ज फेडण्याकरिता थोरला मुलगा शाळा सोडून, मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस गेला. त्याच लग्नात आहेर ध्वनिक्षेपकावरून पुकारले गेले. शेजारची विधवा बाई, जिच्यापाशी देण्यास काही नव्हते, ती दार लावून घरीच बसली. त्या पंगतीवर आशीर्वाद आम्हीच मागितला, आणि ती आली नाही हे चार दिवसांनी आमच्या ध्यानी आले.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच कमी खर्चाची लग्ने लावून दाखविली. ते ख्रिस्ती नव्हते, हे येथे मुद्दाम सांगतो. आमच्या पंचांनी यंदा आहेर पुकारणे बंद केले आहे. तशी दोन लग्ने झाली. एका घरास ते रुचले नाही, व ते लोक अद्याप आमच्याशी बोलत नाहीत. विधवा बाई मात्र दोन्ही लग्नांस जेवून गेली.