नेपाळला निघालेल्या लेकरांना

लेकरांनो, लातूरची आणि नांदेडची पोरं-पोरी मिळून तुमची टीम झाली, पाळकसाहेबांनी मंडळीपुढे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आता उरलं सामान बांधणं. ते बांधायच्या आधी माझं थोडं ऐका. मी काही परदेशी जाऊन आलेली नाही. आयुष्य गेलं सरकारी दवाखान्यात सिस्टरकी करण्यात. पण परगावाहून, परदेशाहून आपल्याकडे जे मदतीला आले, ते मी जवळून पाहिलेत. मदत घेणाऱ्याच्या बाजूला बसून पाहिलेत. तुमचा जन्मच किल्लारीच्या भूकंपानंतरचा, तुम्हाला ती बाजू ठाऊक असायचं कारण नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमूनभागून झोपलेले. पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, वरचं मातीचं जड धाबं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तुम्ही ज्या जाजरकोटला चाललात तिथंही ३ नोव्हेंबर २०२३ ला असंच झालं. वेळ मध्यरात्रीच्या थोडी आधीची, भिंती तशाच दगडमातीच्या, माणसं झोपलेली. दीडशेहून जास्त गेली. तिथली पडकी घरं पाहून तुम्हाला नवल वाटायला नको; तुमच्या आजी-पणजीची घरं तसलीच होती.

किल्लारीला मदतीचा तोटा नव्हता. ट्रकामागून ट्रक येत होते. पण त्यांत काय होतं? जुने कपडे. गाठोडीच्या गाठोडी. लुगडं नेसणाऱ्या म्हातारीच्या हातात पँटी आणि गाऊन. वरून पाऊस लागलेला, चिखलात ते ढीग कुजत पडले आणि शेवटी ते हलवायलाच माणसं लावावी लागली. त्याच वेळी तंबूतल्या बायका मला हळूच काय मागत होत्या? कंदील. झाकणाची बादली. आडोशाला ताडपत्री. पाळीसाठी स्वच्छ कापड. हे कुणाच्याच ट्रकात नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता दुसरी गोष्ट बघा, ही तुम्हाला आठवत असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरच्या नळाला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तहानलेल्या गावाला पाणीच दिलं, दुसरं काही नाही. देणाऱ्याच्या घरात काय जास्त झालंय ते नेऊन टाकायचं, की घेणाऱ्याला काय कमी पडलंय ते पोचवायचं, हा फरक लातूरकराला समजावून सांगावा लागू नये.

म्हणून जाजरकोटच्या पास्टरांना आजच फोन करा. पण कसं विचारायचं ते सांगते. आमच्या जुन्या मेट्रनबाई नव्या पोरींना शिकवायच्या, रोग्याला ‘काय पाहिजे’ विचारू नका, तो लाजून ‘काही नको’ म्हणतो. ‘काय नको’ ते विचारा, मग बोलता होतो. तसं विचारा. काय आणू नको, किती माणसं जास्त होतील, कुठले दिवस अडचणीचे. पेरणी-कापणीच्या दिवसांत दहा पाहुण्यांचं जेवण रांधणं म्हणजे त्या घरच्या बाईचा रोज बुडाला. सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत तुमच्या घरी दहा जण उतरले तर आई काय म्हणेल? तोंडावर काही म्हणणार नाही. तेच तर.

औषधांचं मी जरा जास्त बोलणार, सवय आहे. घराघरांतून गोळा केलेल्या अर्धवट पट्ट्या नेऊ नका. कापलेल्या पट्टीवरची तारीख जाते, नाव अर्धं राहतं, आणि त्या गोळ्या निवडत बसायला तिथल्या दवाखान्यातल्या माणसाचा दिवस जातो. दान दिलेल्या औषधाची मुदत पोचल्यापासून निदान वर्षभर तरी उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगून ठेवलंय. तुमच्यात एक डॉक्टर आहे म्हणून शिबिर लावायचं मनात असेल, तर बाहेरच्या डॉक्टरला तिथल्या मेडिकल कौन्सिलची परवानगी लागते. ती नसेल तर डॉक्टरनेही विटा उचलाव्यात. आणि शिबिर लावून बीपी तपासलं, गोळी सुरू केली, तर पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार? त्याचं उत्तर नसेल तर ती गोळी सुरू करू नका. तुमच्यापैकी कुणाला जुलाब लागले तर दुकानात ‘जीवनजल’ मागा, ओआरएसची पुडी त्या नावाने मिळते. पाणी उकळलेलंच. डोंगरातलं झऱ्याचं आहे, गोड लागतं, असं म्हणून ओंजळ लावाल आणि चार दिवस झोपून काढाल. मग तुमची सेवा त्यांनाच करावी लागेल.

काम कसं करायचं, ते नांदेडच्या पोरांनी लातूरच्यांना शिकवावं. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंजाबातून येतात, कॅनडा-इंग्लंडातून येतात. तिकडे बंगला-गाडी असणारा माणूस इथे येऊन काय करतो? लसूण सोलायला बसतो. उष्टी ताटं घासतो. जोडाघरात लोकांची पायताणं पुसून ठेवतो. मी पेशंट घेऊन नांदेडला जायची तेव्हा तिथे जेवलेली आहे. ताट घासणाऱ्याला कुणी ‘आपण कुठून आलात’ विचारत नाही, तोही सांगायला जात नाही. आपला धर्म वेगळा, आपली प्रार्थना वेगळी, पण सेवेची ही रीत उचलण्यासारखी आहे. पाय धुण्याचा धडा आपल्याही पुस्तकात आहे. आपण तो पवित्र आठवड्यात वाचतो आणि ताट उचलायला घरच्या पोरीला हाक मारतो.

जाजरकोटला शाळेची भिंत उभी करायची आहे म्हणता. मग गवंडी तिथलाच असू द्या. तुम्ही दगड वाहा, वाळू चाळा, पाणी मारा. ओळंबा हातात घेऊन फोटोपुरते चार थर रचाल, आणि तुम्ही गेल्यावर तो बिचारा ते उकलून परत रचेल. गवंड्याची मजुरी तुमच्या वर्गणीतून द्या. फुकट काम करणारे दहा जण आले की गावच्या चार मजुरांचा रोज जातो, हे आधी मोजा. आणि घर कसं असावं यावर तोंड उघडू नका. किल्लारीनंतर बावन्न गावं नव्या जागी बसवली. सरळ रस्ते, शहरासारख्या ओळी. मजबूत बांधली, नाही म्हणत नाही. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, चूल कुठल्या तोंडाची, भावकी शेजारी की चार ओळी पलीकडे, हे पुष्कळ ठिकाणी राहूनच गेलं. पुढे दुरुस्तीच्या कामात गावच्या बायकांना विचारायला लागले, त्यांच्या बचत गटांनी देखरेख केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता जे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही ते. नेपाळच्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. कायदा बरा की वाईट, यावर इथे बसून वाद घाला, मलाही मत आहे. पण तिथे जाऊन चौकात पत्रकं वाटली तर तुम्ही दहा दिवसांनी लातूरला याल आणि पोलीस तिथल्या पास्टरच्या दारात जाईल. ताडपत्री किंवा तांदूळ देताना प्रार्थनेला बसायची अट तर कधीच नको. भुकेल्या माणसाचा ‘हो’ हा ‘हो’ नसतो. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही कोण, का आलात, तर खरं सांगा, आणि तिथल्या मंडळीच्या वडिलांकडे बोट दाखवा.

तिथल्या मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, रविवारी नाही. २५ एप्रिल २०१५ चा तिथला मोठा भूकंप शनिवारीच झाला, दुपारी बाराच्या सुमारास. शाळा बंद म्हणून कितीतरी लेकरं वाचली. पण मंडळ्या उपासनेत बसलेल्या होत्या आणि भरलेली उपासनामंदिरं कोसळली. तिथे कुणी आपल्या घरच्यांची आठवण काढली तर मध्येच ‘देवाची योजना’ म्हणून समजूत घालू नका. किल्लारीत एका बाईला कुणीतरी असं म्हणाल्याचं मी ऐकलंय. ती काही बोलली नाही, उठून तंबूबाहेर जाऊन बसली. जवळ बसा, चहा दिला तर घ्या, आणि गप्प राहा. भेटल्यावर ‘जयमसीह’ म्हणा, मोठ्याला दाजु, मोठीला दिदी. एवढी नेपाळी पुरे. बाकी हिंदीवर भागतं, पण म्हाताऱ्यांशी बोलताना तिथलं कुणीतरी सोबत घ्या.

लेकरांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. रडणाऱ्याचे तर नाहीतच. किल्लारीच्या रस्त्यावर बघ्यांची इतकी गर्दी झाली होती की मदतीच्या गाड्या अडकून पडायच्या. मढ्यापाशी उभं राहून फोटो काढणारेही पाहिलेत. ‘अनाथाश्रम दाखवतो’ म्हणणारा कुणी काठमांडूत भेटला तर जाऊ नका. तिथल्या आश्रमांतल्या बहुतेक लेकरांची आई नाहीतर बाप जिवंत असतो, पाहुण्यांच्या देणग्यांसाठी पोरं गोळा केल्याचे प्रकार झालेत, युनिसेफनेही याबद्दल बजावलंय. आणि कुठल्याही पोराला ‘मी परत येईन, तुला शिकवीन’ असं बोलायचं नाही. किल्लारीनंतर समाजसेवक शांतिलाल मुथ्थांनी बाराशे मुलं पुण्याला नेली. पण त्यांनी वर्षानुवर्षं त्यांना सांभाळलं, शिकवलं. तुमची सुट्टी दहा दिवसांची. तेवढ्यात जे होईल तेवढंच बोला.

पोरींनो, तुम्हाला वेगळं सांगते. जाजरकोटच्या त्या कर्णाली भागात पाळीच्या दिवसांत बायकांना गोठ्यात नाहीतर खोपटात झोपवण्याची रीत आहे, छाउपडी म्हणतात. थंडीने, धुराने, साप चावून बायका मेल्यात. कायद्याने तो आता गुन्हा आहे. दिसलं तर तुमचं रक्त उसळेल, उसळू द्या, पण अंगणात उभं राहून भाषण नको. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणून बाहेर बसवणं काही फार जुनं नाही, आणि ते बाहेरच्या कुणी येऊन रागावल्याने थांबलं नाही. तिथे गावोगाव महिला स्वास्थ्य स्वयंसेविका असतात, आपल्या आशाताईंसारख्या. तिला गाठा, ती काय करते ते विचारा, तिला काही लागत असेल तर ते द्या.

खाण्याचं फार नाही. दोन वेळ डाळ-भात, मध्ये थोडा खाजा. भाकरी विसरा. शेंगदाण्याची चटणी न्या, पण ती ताटात वाढून घेण्याआधी घरधनिणीला चाखायला द्या, नाहीतर तिला वाटेल तिच्या हाताला चव नाही. एका संध्याकाळी चूल मागून घ्या आणि सगळ्यांना निलंगा राइस करून घाला. भांडी तुम्हीच घासा.

विमानाने जाणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात. कुठल्या नोटा चालतात ते नियम बदलत असतात, बँकेत विचारून जा. पैशांची वही एकाकडे, मोजणारा दुसरा, ही आमच्या महिला संघाची जुनी शिस्त. तिथे कुणाच्या हातात गुपचूप नोट कोंबायची नाही. एका घराला दिली की शेजारची चार घरं तुटतात, आणि तुम्ही गेल्यावर निस्तरायला पास्टर उरतो. द्यायचं ते मंडळीच्या पंचांसमोर, लिहून.

परत आल्यावर मंडळी तुम्हाला साक्ष द्यायला उभं करेल. मराठवाड्यातून परदेशी जाऊन बोलणारे तुम्ही पहिले नाहीत. जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत जाऊन बोलून आले. तुम्ही बोलाल तेव्हा जाजरकोटचे पास्टर पहिल्या बाकावर बसलेत असं समजून बोला. ‘तिथले लोक फार गरीब, तरी किती आनंदी’ हे वाक्य मला ऐकू येता कामा नये. आमच्याबद्दलही ते कुणीतरी कुठल्यातरी देशात असंच बोललं असणार. किती खर्च झाला, काय काम अर्धं राहिलं, तेही सांगा. जमलेल्या पैशातून तुमच्या भाड्यावर किती गेले आणि भिंतीवर किती, हा आकडा फळ्यावर लिहा. भाडं भिंतीहून जास्त झालं असेल तर पुढच्या वर्षी दोघांनीच जायचं आणि बाकीच्यांचं भाडं पाठवून द्यायचं, याचाही विचार करा.

सहा महिन्यांनी फोन करा. भिंत उभी आहे का, पावसात गळली का, गवंड्याचे पैसे पोचले का. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. आणि शनिवारी सकाळी करू नका, उपासनेत असतील.