हळदीच्या कागदावर आईचें चित्र



माझ्या आईचें एकच छायाचित्र आमच्या घरीं आहे, तेंही ओळखपत्रासाठीं काढलेलें. ज्या हातांनीं तिनें जन्मभर हळद लावली, शिजविली व वाळविली, ते हात त्यांत नाहींत. तिच्या पश्चात् त्या चित्राकडे पुन्हा पाहण्याचा मार्ग मला हळदीनेंच दाखविला.

वनस्पतींचे रंग उन्हानें विटतात, हें आपण जाणतों. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनीं फुलांचे रस कागदास लावून त्यांवर उन्हानें चित्रें उमटविलीं व तो शोध १८४२ सालीं प्रसिद्ध केला. व्हिएतनामांत जन्मलेले अमेरिकन कलावंत बिन दान यांनीं तेथील युद्धांत मेलेल्या सैनिकांचे चेहरे उन्हाच्याच योगें हिरव्या पानांवर उतरविले. आपणांस साधनासाठीं दूर जावयास नको. भौगोलिक मानांकन लाभलेली वसमतची हळद आपल्याच हिंगोली जिल्ह्यांतली.

कृति अशी: दोन चमचे हळदपूड अर्धी वाटी स्पिरिटांत कालवून फडक्यानें गाळावी. स्पिरिट चटकन पेट घेतें. म्हणून विस्तव दूर व वडील माणूस जवळ असावें. हा रस जाड कागदास सावलींत लावून अंधारांत वाळवावा. छायाचित्राची पारदर्शक कागदावर काढलेली प्रत त्यावर ठेवावी आणि वर कांच दाबून कडक उन्हांत कांहीं तास राहूं द्यावें. ऊन लागेल तेथला पिवळा रंग उडतो. चित्राच्या काळ्या भागाखालीं तो टिकतो. शेवटीं टाकणखाराचें सौम्य पाणी फिरवावें. क्षारानें हळद तांबडी होते; घरगुती कुंकवाचें मर्मही हेंच.

वडील वारल्यावर आईनें कधीं कुंकू लावलें नाहीं. तिचा चेहरा त्याच रंगांत वर आला, तेव्हां माझी मावशी बराच वेळ गप्प होती. मग ती आईच्या लहानपणींची एक हकीकत सांगूं लागली. ती आम्हां भावंडांपैकीं कोणींही ऐकलेली नव्हती.

हें चित्र कायमचें पक्कें करतां येत नाहीं. उजेडांत तें पुनः विटत जातें. म्हणून तें भिंतीवर टांगूं नये. वहींत मिटून ठेवावें व स्मरणाच्या दिवशीं क्षणभर उघडावें. फिकें झाल्यास दुसरें करावें आणि तें वाळेपर्यंत घरांतील वडीलधाऱ्यांजवळ बसून गेलेल्या माणसाची आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी.