मागे खोड असेल तरच

हंटर-ट्रॅपर एज्युकेशनची परीक्षा पास झालास, लायसन्स निघालं, आणि आता मामाला विचारतोस, खारीच्या शिकारीला बंदूक कुठली घेऊ. आधी कागद बघ. तू एच-1बीवर आहेस. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही, असा अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहे. चालू शिकार-लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे लायसन्सची मुदत संपली की कपाटातली रायफलही बेकायदा. ती तारीख भिंतीवर लिहून ठेव, आणि खरेदीआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोल. त्याची फी रायफलपेक्षा जास्त झाली तरी चालेल.

आजीला फोनवर यातलं काही सांगू नकोस. तिच्या डोळ्यांसमोर रामाने पाठीवरून बोटं फिरवलेली खार येणार. आपल्याकडे 1972च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. इथलं गणित वेगळं आहे. रायफली-शॉटगन आणि काडतुसांवर 11 टक्के, पिस्तुलांवर 10 टक्के केंद्रीय कर आहे, आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. पेनसिल्व्हेनियात करड्या, काळ्या, तांबड्या आणि फॉक्स खारी मिळून माणशी दिवसाला सहा. सातवी दिसली तर बघत बसायचं.

आता बंदूक. पॉइंट टू-टू लाँग रायफल, दुसरं काही नको. हे काडतूस 1887पासून चालत आलंय, धक्का जवळजवळ नाही आणि भरपूर सराव करता येईल इतकं स्वस्त. रुगरची 10/22 सगळे सुचवतील, 1964पासून विकली जाते आणि चांगलीच आहे. पण ती सेमी-ऑटोमॅटिक. पहिली चुकली की बोट आपोआप दुसरी झाडतं. नवशिक्याने बोल्ट अ‍ॅक्शन घ्यावी; प्रत्येक गोळीनंतर हात हलवावा लागतो, तेवढ्यात डोकं ठिकाणावर येतं. पॉइंट वन-सेव्हन एचएमआरची गोळी वेगवान, सरळ जाणारी, पण खारीच्या अंगाला लागली तर शिजवायला काही उरत नाही.

प्रत्येक रायफलीला स्वतःची आवड असते. चार-पाच कंपन्यांची काडतुसं आण, टेबलावर टेकून 25 यार्डांवर प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाड. ज्याच्या पाचही क्वार्टरच्या नाण्याखाली झाकल्या जातील ते काडतूस तुझं. त्याचीच खोकी घे. बहुतेक वेळा आवाजाच्या वेगाहून हळू जाणारं साधं काडतूस जिंकतं, आणि जंगलात त्याचा आवाजही कमी. नेम 50 यार्डांवर जुळव. मग लक्षात ठेव: दहा यार्डांवर गोळी थोडी खाली लागेल, कारण दुर्बीण नळीच्या वर बसलेली असते, आणि शंभरावर ती सहा-सात इंच खाली गेलेली असेल. खारीचं डोकं सगळं मिळून दीड इंच. म्हणून शंभर यार्डांचा विचारच सोड. उभ्याने दहातल्या नऊ गोळ्या ज्या अंतरावर त्या दीड इंचात बसतात, ते तुझं अंतर. ते वीस यार्ड निघालं तर वीस.

आता जे सांगतो ते बाकी सगळं विसरलास तरी विसरू नकोस. माझा इथला शेजारी, आयुष्यभर गिरणीत राबलेला म्हातारा, मला जंगलात नेताना प्रत्येक खारीला एकच प्रश्न विचारायचा: मागे काय आहे? शॉटगनचे छर्रे वर गेले तर थोड्या अंतरावर पावसासारखे खाली पडतात. टू-टूची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, खोक्यावर छापलेलं असतं. फांदीच्या टोकाला बसलेली खार, मागे निळं आकाश, असा देखावा सीझनभर दिसेल आणि भलता सोपा वाटेल. तिथे बोट चापावर जाताच कामा नये. खार खोडाला चिकटली, जाड फांदीच्या बेचक्यात बसली, किंवा तू उतारावर वर आहेस आणि तिच्या मागे डोंगराची माती आहे, तरच. नाहीतर थांब. खार जागा बदलते, तीच तुला मागे खोड आणून देते. अ‍ॅपलेशियनच्या डोंगररांगांमध्ये एक फायदा आहे: उताराच्या वरच्या अंगाला बसलं की खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत येतात आणि पलीकडे समोरचा डोंगर असतो. पण पानांच्या पलीकडे रस्ता किंवा घर नाही, हे नकाशावर आदल्या रात्री बघ. वस्तीच्या इमारतीपासून 150 यार्डांत गोळी झाडायला कायद्यानेच बंदी आहे.

पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑडुबॉनने लिहून ठेवलंय की नामी शिकारी डॅनियल बून केंटकीत खारीच्या पोटाखालच्या सालीवर गोळी मारायचा आणि नुसत्या हादऱ्याने खार पडायची. गोष्ट छान आहे. तू करू नकोस.

नारिंगी जॅकेट आणि टोपी चढव. डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच नारिंगी लागतं. कापड खारीला घाबरवत नाही, हालचाल घाबरवते. कुंपण ओलांडताना, ओंडक्यावर चढताना रायफल रिकामी, बोल्ट उघडा. सेफ्टीवर भरवसा ठेवायचा नाही.

सीझन सप्टेंबरच्या मध्यात उघडतो. तेव्हा पानं दाट, दिसत काही नाही, म्हणून कानाने शिकार करायची. हिकरीचं झाड शोध. खारी हिकरीची फळं कुरतडतात आणि टरफलांचा चुरा खालच्या पानांवर टपटप पडत राहतो, पाऊस नसताना पावसासारखा. तो आवाज आला की तिथेच थांब. उजेड फुटण्याआधी अशा झाडापासून पंचवीस-तीस यार्डांवर खोडाला पाठ लावून बस, गुडघे वर घे, कोपर त्यांवर टेकव. तू आल्यावर जंगल गप्प होतं. पंधरा-वीस मिनिटांत चिमण्या-पाखरं पुन्हा बोलू लागली की समज, तुला विसरले. हिकरी संपली की पांढऱ्या ओकखाली जा. नोव्हेंबरात पानं गळतात, जंगल उघडं पडतं; आता खार तुला लांबून बघते आणि तू तिला. तेव्हा पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा, ओल्या पानांवर पाऊल वाजत नाही. चार पावलं चाल, मग तेवढा वेळ उभा राहा की कंटाळा येईल. जोराचा वारा असेल तर घरीच राहा. खारीला फांदीची हालचाल आणि ससाण्याची झेप यांतला फरक कळत नाही, ती ढोलीतून बाहेर येत नाही.

खार खोडामागे फिरते. तू डावीकडे, ती उजवीकडे. एकटा असशील तर पलीकडच्या पाल्यात काठी फेक. ती तुझ्या बाजूला येते. दोघं असाल तर एकाने हलायचं नाही, दुसऱ्याने सावकाश फेरी मारायची, आणि कोण कुठे आहे हे दोघांना प्रत्येक क्षणी माहीत हवं. माहीत नसेल तर गोळी नाही.

खार पडली तर लगेच धावू नकोस. जिथे पडली ती जागा नजरेने धरून ठेव, आणि रायफल पुन्हा भरून जा. मागून जाऊन काडीने डोळ्याला स्पर्श कर. पापणी हलली तर दुसरी गोळी, तिथेच, खाली माती बघून. हाताने उचलायची घाई करणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत. ते दात हिकरी फोडतात.

पिस्तूल तुला पहिली काही वर्षं नको. शिकारीला ते जवळ बाळगायला इथे वेगळं परमिट लागतं. शिवाय रायफलीवर बसलेला नेम पिस्तुलावर अर्धाही बसत नाही. नळी आखूड, माशी आणि मागची खाच यांतलं अंतर वीतभर, हात जरासा थरथरला तरी गोळी खारीऐवजी फांदीला. पुढे घेतलंस तर लांब नळीचं घे, झाडाला मनगट टेकव, आणि वीस यार्डांपलीकडे झाडू नकोस. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर आणि नळीच्या फटीपुढे बोट कधी नाही. तिथून आगीचा झोत येतो. आणि कानाला मफ्स. आखूड नळीतून टू-टूचाही आवाज कान फोडतो.

सशांबद्दल थोडक्यात. कॉटनटेल बसलेला असेल तर रायफल, पळत असेल तर नाही, कारण पळत्या सशामागे कुत्रा आणि माणूसही असतो. थंडी पडेपर्यंत थांबणारे जुने लोक बरोबर आहेत. कारण ट्युलरेमिया नावाचा रोग सशांतून माणसाला होतो. तो आधी 1911 साली कॅलिफोर्नियातल्या टुलारी परगण्यातल्या जमिनीवरच्या खारींतच सापडला. सोलताना हातमोजे, आणि मांस पूर्ण शिजलेलं. सुस्त, न पळणारा ससा मारून घरी आणू नकोस. सुरुवातीच्या सीझनमध्ये खारीच्या कातडीखाली माशीची जाडजूड अळी निघेल. ओकारी येईल, पण मांस खराब झालेलं नसतं.

सोलणं गरम असतानाच. आधी खार पाण्यात बुडव, नाहीतर केस मांसाला चिकटतात. शेपटीच्या मुळाशी खालून हाड काप, वरची कातडी ठेव, शेपटीवर पाय दे आणि मागचे पाय धरून वर ओढ. सदरा निघावा तशी निघते. पुढच्या पायांखालच्या गाठी काढ. मेंदू खाऊ नकोस. 1997मध्ये केंटकीतल्या काही डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मेंदूच्या एका घातक रोगाशी त्याचा संबंध असावा अशी शंका मांडली होती. संबंध सिद्ध झालेला नाही, पण एवढ्याशा मेंदूसाठी तो धोका कशाला?

कान सहज फाटला तर खार कोवळी, तळायला योग्य. शोधप्रवासी मेरिवेदर लुईसच्या कुत्र्याने 1803मध्ये ओहायो नदीत पोहणाऱ्या खारी पकडल्या होत्या, आणि त्या तळून चांगल्या लागतात अशी नोंद त्याने रोजनिशीत केली. जून निघाली तर कुकर. कांदा-खोबरं भाजून वाटण, काळा मसाला, हळद-मीठ लावून चार शिट्ट्या, मग झाकण काढून रस्सा आटव. इथले लोक त्याचंच ब्रन्सविक स्ट्यू करतात, मका आणि बीन्स घालून. मामीला दोन्ही चालत नाहीत, म्हणून कुकर गॅरेजमध्ये आहे.

शेपट्या टाकू नकोस. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगोची मेप्स कंपनी मासेमारीच्या गळांना लावायला त्या विकत घेते. कापल्या टोकाला मीठ चोळ, शेपटी सरळ ठेव, फ्रीझरमध्ये टाक, आणि उन्हाळा लागायच्या आत पोस्टाने पाठव.