आजच्यापुरतं कारण

चि. निखिल,


तुझ्या पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "आत्या, आता जगायचं तरी कशासाठी?" तिसऱ्या वर्षीही परीक्षेच्या यादीत नाव नाही आणि माझा दादा, तुझे बाबा, गेल्याला अजून वर्षही झालेलं नाही. अशा वेळी "होईल सगळं नीट" म्हणणं म्हणजे तुझा प्रश्न टाळणं. मी तो टाळणार नाही. मात्र आधी एक सांगते. मरणाचाच विचार मनात घोळत असेल, तर पत्र इथेच बाजूला ठेव आणि मला फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले तरी कर. माझ्याशी बोलवत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

तुझ्या विचारण्यात मला एक अडचण दिसते. सगळ्या आयुष्याला पुरेल असं एकच मोठं कारण तू मागतो आहेस, आणि ते हाती लागेपर्यंत पाऊल उचलायचं नाही असं धरून बसला आहेस. माणसं खरोखर कशाच्या आधारावर तगतात, याचा अभ्यास अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी केला. मरणाचा विचार आला तरी तुम्ही का थांबता, हे माणसांनाच विचारून त्यांनी सहकाऱ्यांसह १९८३ साली ४८ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. कारणांचे सहा गट पडले: यातूनही निभावून नेईन हा विश्वास, घरच्यांची जबाबदारी, मुलांची काळजी, मरणाची भीती, लोक काय म्हणतील ही धास्ती आणि धर्म-नीतीचा अडसर. निम्मी विधानं एकट्या पहिल्या गटातली आहेत; बाकीच्यांत घरातली, रोजची कारणंही आहेत. साधी भीतीसुद्धा त्यात कारण म्हणून धरली आहे. म्हणजे कारण उदात्त असावं लागत नाही. आजचा दिवस पार करून दिला की त्याचं काम झालं.

असं कारण अनेकदा आधीच जवळ असतं. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल १९४२ ते १९४५ नाझींच्या छावण्यांत होते. आई, वडील, भाऊ, पत्नी अशी जिवाभावाची माणसं त्यांनी त्या काळात गमावली. १९४६ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी दोन कैद्यांबद्दल लिहिलं आहे. आयुष्याकडून आता काहीच मिळायचं नाही, असं म्हणत दोघंही मरणाची भाषा करत होते. पण एकाचं मूल परदेशात त्याची वाट बघत होतं, आणि दुसरा शास्त्रज्ञ होता, त्याची ग्रंथमाला अर्धी राहिली होती. फ्रांकल यांनी त्यांना नवीन काही दिलं नाही. आधीपासून असलेलं दाखवून दिलं. मला काय मिळणार, या प्रश्नाला त्या छावणीत उत्तर नव्हतं. माझ्यावाचून कोणाचं, कशाचं अडलं आहे, या प्रश्नाला होतं.

तू म्हणशील, मूल आणि ग्रंथमाला ही मोठीच कारणं झाली. माझ्याकडे तसं काय आहे? म्हणून आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंकडे बघ. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचे वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ १८८० साली गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्या वेळी रमाबाईंच्या मनात काय होतं ते सांगण्याचा अधिकार मला नाही. हातात काय होतं ते मात्र दिसतं: कडेवरचं एक मूल आणि शिकलेली विद्या. शारदा सदन ही त्यांची स्त्रियांसाठीची शाळा निघाली ती १८८९ मध्ये. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार अशा शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. दुष्काळानं पोरकी केलेली मुलगी दुष्काळात पोरक्या झालेल्यांची आई झाली. पण हे मोठं कारण १८८२ मध्ये कुणी हुडकायला बसलं असतं, तर सापडलं नसतं, कारण ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. लहान कारणानं त्यांना मोठ्या कारणापाशी आणून सोडलं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: कारण आधी आणि जगणं नंतर, असा क्रम नसतो. आजच्यापुरत्या कारणावर जगावं, पुढचं कारण वाटेत भेटतं.

यावर तुझा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, तुझ्या पत्रातच तो आहे: "मी आईवर ओझं आहे." थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञानं याच भावनेचा अभ्यास केला आहे. आपण गेलो तर घरच्यांचं बरंच होईल, हे खचलेल्या मनाला अगदी हिशेबासारखं खरं वाटतं, पण तो हिशेब चुकलेला असतो. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी हे तू वहीत मांडतोस. तू नसलास तर वहिनीचा प्रत्येक दिवस कसा जाईल, याचा रकाना त्या वहीत नाही. खर्च परीक्षा सोडूनही कमी करता येतो. नोकरी धर, गावी ये, दुसरी वाट धर, त्यात कमीपणा नाही. परीक्षा सोडणं आणि जगणं सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गाठ मारू नकोस.

दुसरा आक्षेप: हे दुःख कायमचंच असेल, तर दिवस ढकलून काय उपयोग? अमेरिकेतल्या रिचर्ड सायडन यांनी १९३७ ते १९७१ या काळात आत्महत्येच्या अगदी टोकावरून परत आणलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं, ते तपासलं. १९७८ साली त्यांनी मांडलं की सुमारे ९४ टक्के माणसं एकतर हयात होती किंवा नैसर्गिक मरणानं गेली होती. त्यांची दुःखं सगळी मिटली असतील असं मी म्हणत नाही. पण ज्या घडीला मरणच एकमेव वाट वाटत होतं, ती घडी सरली. कायमची वाटते ती अवस्थाही हलते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: कारण समजतं, पण आत पोचत नाही. झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं, आवडीचं काहीच न आवडणं हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तो विचारांचा दोष नाही. ते आजारपण असू शकतं. त्याला औषध आहे, उपचार आहेत. ताप आलेल्याला आपण जिद्द धर म्हणून सांगत नाही, डॉक्टरकडे नेतो. इथेही तेच करायचं.

तेव्हा आज रात्री वहीच्या नव्या पानावर एकच ओळ लिही: उद्या माझ्यावाचून काय अडेल? खोलीतल्या मुलाला गणित समजावायचं असेल, आईला फोन करायचा असेल, काहीही चालेल. उद्या ते कर आणि रात्री परवाची ओळ लिही. रविवारी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला येते. सोमवारी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. तोवर रोज रात्री जेवण झालं की मला फोन कर.

तुझी,
आत्या