क्षमेची राखी

प्रास्ताविक : अन्यायाची जखम कालांतराने भरून येते, पण मनातील कटुता तशीच राहू शकते. या कटुतेवर मात करणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाची सत्यकथा या पाठात आपण वाचणार आहोत.

जबलपूरला वळसा घालून नर्मदा पश्चिमेकडे वाहत जाते. तिच्या खोऱ्यात, देवास जिल्ह्यात, उदयनगर हे गाव आहे. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया १९९२ पासून तेथील आदिवासींमध्ये कार्य करीत होत्या. सावकारी पाशातून सुटण्याचा मार्ग त्या लोकांना दाखवीत. त्यामुळे अनेकांचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, समंदर सिंह या तरुणाने सुऱ्याचे वार करून त्यांची हत्या केली. न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा दिली.

सूडाची भावना येथे स्वाभाविक ठरली असती. परंतु २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. पुढे त्यांच्या वृद्ध मातेनेही त्याची भेट घेऊन त्याला क्षमा केली. कुटुंबाने त्याच्या सुटकेस संमती दिली आणि २००६ मध्ये तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले, तेव्हा त्या सोहळ्यास तोही उपस्थित होता.

‘माझ्या बंधूला किती वेळा क्षमा करू?’ असे पेत्राने विचारले, तेव्हा येशूने साताच्या सत्तर पट सांगितले. म्हणजेच क्षमेचा हिशेब ठेवू नये. दुष्टांचा नव्हे, तर त्यांच्यातील दुष्टपणाचा अंत व्हावा, असे पसायदान मागणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या मराठीला हा विचार परका नाही.

क्षमा म्हणजे अपराधाचे समर्थन नव्हे किंवा विस्मरणही नव्हे. समंदर सिंहाने अकरा वर्षे कारावास भोगला. न्यायाचे काम न्यायालयाने केले, तर मनातील विष उतरविण्याचे काम त्या कुटुंबाला स्वतःच करावे लागले. न्याय दुसऱ्याकडून मिळतो, क्षमा मात्र ज्याची त्यालाच द्यावी लागते.

पाठगत प्रश्न
१. सिस्टर राणी मारियांच्या कार्यामुळे कोणाचे हितसंबंध दुखावले असावेत? का?
२. ‘क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या मनात दीर्घकाळ राहिलेल्या एखाद्या कटुतेविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.