कोंबडीच्या दाण्यातले तेल

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर भाताची खाचरे आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. आता कित्येक गावांत ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडीही आहेत. ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी. ती सुमारे 6 आठवड्यांत विक्रीला तयार होते. या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च दाण्याचा. त्या दाण्यात तेलही घालतात. ते कोणते असावे, हे आज आपण पाहू.

तेल कशाला?

1 ग्रॅम पिठापासून सुमारे 4 उष्मांक मिळतात, तर 1 ग्रॅम तेलापासून 9. शिवाय तेल पचताना अंगात उष्णता कमी तयार होते. वैशाखातल्या उकाड्यात कोंबडी दाणा कमी खाते, तेव्हा याचा फायदा होतो. मात्र तेल मापातच हवे. 100 किलो दाण्यात साधारण 2 ते 5 किलो पुरे.

कोणते तेल?

थंडीत खोबरेल थिजते, हे आपण पाहतोच. पामतेलही तसेच थिजते. सोयाबीनचे तेल पातळच राहते. ते लहान पिलांना चांगले पचते, आणि पिलांना लागणारे लिनोलिक आम्लही त्यात भरपूर असते. पामतेल पहिले दोन-तीन आठवडे पिलांना नीट पचत नाही. पुढे मोठ्या पक्ष्यांना सोयाबीन तेलात मिसळून चालते. खोबरेल पचते, पण ते महाग आणि त्यात लिनोलिक आम्ल फार थोडे. भाताच्या कोंड्याचे तेलही चांगले. पण कोंडा लवकर खवटतो, म्हणून तेल ताज्या कोंड्याचे हवे.

खवट तेल नको

तळून उरलेले काळे तेल स्वस्त मिळते. ते घेऊ नका. खवट तेलाने दाण्यातले ई जीवनसत्त्व नासते. मग पिलांचा तोल जातो, मान वळते, पिले मरतात. तेलात चार पैसे वाचले आणि शेड रिकामी झाली, तर काय उपयोग?

कंपनीचा दाणा घेऊन कोंबड्या वाढवणाऱ्यांनीही सावध राहावे. पिले मेली की आपलीच मजुरी घटते. आता आपल्याला आकडे वाचता येतात. पोत्यावरची तारीख आणि स्निग्धांशाचा आकडा स्वतः वाचा. मूठभर दाणा हुंगून बघा. खवट वास आला तर पोते परत करा. तेलाचा डबा झाकून सावलीत ठेवा.

प्रश्न
1. लहान पिलांना कोणते तेल चांगले? का?
2. खवट तेलाने काय होते?
3. 200 किलो दाण्यात 100 किलोला 3 किलो या मापाने किती तेल लागेल?